मून रॅस निळा पडला म्हणून औषध टाकू नका

नमस्कार दादा. तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि सविस्तर लिहितोय, कारण ह्यात घाई झाली तर एक धडधाकट मासा उगीच जाईल. तुमचं म्हणणं असं की निपाणीत घरी तीन फुटी समुद्री टँक आहे (३६ x १८ x १८ इंच), आठ महिन्यांपूर्वी चार इंचाचा मून रॅस आणला तेव्हा तो हिरवागार होता आणि अंगावर बारीक लालसर-जांभळ्या उभ्या रेघा होत्या. आता साडेसहा इंच झालाय आणि गेल्या महिना-दीड महिन्यात हिरवा रंग जाऊन निळा पडलाय, बाजूचे पर गुलाबी दिसतायत, क्लाउन माशाच्या मागं लागतोय, क्लीनर श्रिंप (माशांच्या अंगावरची घाण खाणारी बारीक कोळंबी) गायब आहे, आणि लाईट बंद झाली की मासा कुठं जातोय ते कळतच नाही. एकानं कॉपर, म्हणजे तांब्याचं औषध, टाका म्हणून सांगितलंय, दुसऱ्यानं मेथिलीन ब्लू हे निळं औषध. यातलं कुठलं टाकू, आणि बरा झाला तर जोडीला एक मादी आणू का, असं विचारलंय तुम्ही.

कुठलंच टाकू नका. मासा खातोय, पळतोय, दुसऱ्याला दम देतोय, ही आजाऱ्याची लक्षणं नाहीत. तुमचा मासा नर झालाय. म्हणजे बहुतेक आधी मादी होता आणि आता नर झाला, किंवा जन्मापासून नरच होता पण मादीच्या रंगात होता आणि आता मोठ्या नराचा रंग घेतला. दोन्ही प्रकार ह्या जातीत होतात, आणि बाहेरून बघून त्यातला कुठला ते सांगता येत नाही.

मी बेळगावात टिळकवाडीत असतो, समुद्री टँक लावायचं आणि सांभाळायचं काम करतो, खानापूरपासून चिकोडी-संकेश्वरपर्यंत लोकांच्या घरात आणि दवाखान्यांत टँक लावलेत. हा प्रश्न मला वर्षातून दोन-तीनदा तरी येतोच, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

ह्या माशाचं शास्त्रीय नाव थॅलासोमा लूनारे. लिनियसनं १७५८ साली नोंदवलेला मासा आहे, आणि लूनारे म्हणजे चंद्राचा. का, ते कळायला मोठा मासा मागून बघायचा. शेपटीची दोन्ही टोकं लांब वाढतात आणि मधोमध पिवळी चंद्रकोर उमटतेय, एकदम स्वच्छ, कोणी ब्रशनं काढल्यासारखी. लहानपणी ही कोर नसते, तेव्हा शेपटीच्या बुडाला एक काळा डाग असतोय आणि पाठीवरच्या पराच्या मध्यावर दुसरा. तुम्ही चार इंचाचा आणला तेव्हाचा फोटो असेल तर बघा, डागाची थोडी खूण कदाचित सापडेल. तांबड्या समुद्रापासून पॅसिफिकपर्यंत खडकाळ किनारे आणि प्रवाळ जिथं आहेत तिथं हा मिळतो, फार खोलात नाही, एक मीटरपासून वीसेक मीटरपर्यंत. आपल्या जवळचं बघायचं तर मुरुडेश्वरसमोरचं नेत्राणी बेट, बोटीनं तासा-दीड तासाचं अंतर.

नेत्राणीला मी दोनदा गेलोय, आणि टँकमध्ये पंधरा वर्षं बघितलेला मासा तिथं बघितल्यावर मला तो पहिल्यांदा नीट कळला असं म्हणीन. दहा-बारा मीटरवर एक मोठा दगड होता, त्याच्या कडेनं सात-आठ हिरवे मून रॅस टोचे मारत फिरत होते आणि एकच निळा, सगळ्यात मोठा, त्यांच्या वरून येरझाऱ्या घालत होता. शेपटी जवळजवळ हलवतच नव्हता, नुसते बाजूचे दोन पर वल्ह्यासारखे खाली-वर, खाली-वर. हे ह्या कुळाचं पोहणंच आहे, शेपटी फक्त पळ काढायला ठेवलेली. एक हिरवा जरा लांब गेला की हा सरळ त्याच्यावर जायचा, वळवून परत आणायचा, मग परत गस्त. मी वीस मिनिटं एकाच जागी थांबलो तर तेवढ्यात त्यानं तो दगड किती वेळा फिरला असेल त्याची गणतीच नाही. तुमच्या तीन फुटी टँकचा विचार करताना हे डोळ्यासमोर ठेवा, पुढं त्याच्यावर येतोच.

आता नर होतो म्हणजे काय. रॅसचं कुळ फार मोठं आहे, ५०० च्या वर जाती, बोटाएवढ्या क्लीनर रॅसपासून दोन मीटरच्या वर जाणाऱ्या नेपोलियन रॅसपर्यंत, आणि ह्यातल्या पुष्कळ जातींत मासा आधी मादी असतोय आणि मोठा झाल्यावर नर होतो. कारण सरळ आहे. मादी लहान असली तरी अंडी देतेच, पण नराला जागा राखायची असते, बाकीच्या नरांना हाकलायचं असतं, ते काम लहान माशाला झेपत नाही. म्हणून लहान आहे तोवर मादी आणि अंग धरलं की नर, असा हिशोब निसर्गानं बसवलाय. टोळीतला मोठा नर गेला की त्याच्या खालचा सगळ्यात मोठा मासा त्याची जागा घेतो. ह्याचाच एक भाऊबंद कॅरिबियन समुद्रात आहे, निळ्या डोक्याचा रॅस, त्याच्यावर शास्त्रज्ञांनी खूप काम केलंय. तिथं मोठा नर काढून घेतला तर काही तासांच्या आत सगळ्यात मोठी मादी नरासारखं वागायला लागते, आणि आठ-दहा दिवसांत तिच्या अंडाशयाच्या जागी वृषण तयार झालेलं असतंय. अंगातलं मादीचं हार्मोन बनवणारं एन्झाइम कमी होतं आणि पुढची सगळी गाडी त्या रुळावर जाते. तुमच्या टँकमध्ये दुसरा रॅस नाहीच, म्हणजे ह्याला दाबणारा कोणी नाही, हाच मोठा, हाच मालक. एकटा ठेवलेला मून रॅस पाच-सहा इंचाच्या पुढं गेला की निळा होताना मी पुष्कळदा बघितलाय.

रंगाचं एक तपासून घ्या मात्र. तुम्ही पाठवलेल्या फोटोत लाईट एकदम निळी दिसतेय. त्या एलईडीखाली हिरवा मासा पण निळसर दिसतो, लाल रेघ काळपट दिसते. सकाळी टँकची लाईट लावायच्या आधी खिडकीतनं उजेड येतोय तेव्हा बघा, नाहीतर साधी पांढरी टॉर्च बाजूनं धरा. माशाच्या कातडीत रंगाच्या पेशी असतात आणि त्यांच्या जोडीला उजेड उलटवणाऱ्या बारीक स्फटिकांच्या पेशी असतात, त्यामुळं कोन बदलला की रंग बदलतोय. धूपछाव साडी असतेय बघा, ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, वडगाव-शहापूरच्या विणकरांना हे सांगायला नको, उभं राहून बघितली तर हिरवी आणि बसून बघितली तर निळी. अगदी तसं. म्हणून एका फोटोवरून कोणी आजार सांगत असेल तर ऐकू नका, माझं सुद्धा.

खरा आजारी मासा कसा ओळखायचा ते सांगतो. नर होताना रंग हळूहळू बदलतो, आठवडे घेतो, दोन्ही बाजूंनी सारखा बदलतो आणि नवीन रंग चकचकीत असतोय, डोक्यावरच्या गुलाबी-जांभळ्या पट्ट्या ठळक राहतात. आजारात रंग उडतो, म्हणजे फिका पडतो, ठिगळासारखा, एका बाजूला जास्त. पांढऱ्या ठिपक्यांचा आजार असेल तर अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे दाणे दिसतात आणि मासा दगडाला, वाळूला अंग घासतोय. वेल्वेट नावाचा आजार असेल तर बारीक पावडर फासल्यासारखं दिसतंय, आणि त्याच्या आधी श्वास वाढतो. कल्ले किती वेळा उघडतात-मिटतात ते मोजा, घड्याळ लावून एक मिनिट, आरामात फिरताना. आज मोज, उद्या मोज, परवा मोज, वहीत लिहा. आकडा रोज चढत गेला, मासा प्रवाहाच्या तोंडाशी जाऊन थांबायला लागला, खाणं सोडलं, तर मग मला लगेच कळवा. नुसता निळा झाला आणि कोळंबीचा तुकडा हातातून ओढून नेतोय तर तो आजारी नाही.

औषधाबद्दल इतकं ठासून का सांगतोय तर मी स्वतः हे करून बसलोय. २०११ साली माझा पहिला मून रॅस असाच निळा पडायला लागला, मला त्यावेळी हे काही माहिती नव्हतं, मी वेल्वेट समजलो आणि मेन टँकमध्येच कॉपर ओतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गोगलगायी सगळ्या खाली पडलेल्या, श्रिंप आडवा, स्टारफिश गळून गेलेला. दगडांवर पांढरा तवंग आला, त्या मेलेल्या जिवांमुळं अमोनिया चढला आणि तिसऱ्या दिवशी रॅस पण गेला. धडधाकट मासा होता तो. सहा वर्षं अजून जगला असता. कॉपर बिनकण्याच्या प्रत्येक जीवाला मारतंय, आणि दगड-वाळू ते शोषून घेतात आणि पुढं हळूहळू सोडत राहतात, त्यामुळं त्या टँकमध्ये नंतर कितीतरी दिवस श्रिंप जगत नाही. मेथिलीन ब्लू फिल्टरमधल्या चांगल्या बॅक्टेरियांना मारतंय, आणि सिलिकॉन कायमचं निळं होतं ते वेगळं. औषध द्यायचंच असेल कधी तर वेगळ्या काचेच्या पेटीत, ज्यात दगड नाही, वाळू नाही, नुसता पीव्हीसी पाइपचा तुकडा लपायला, आणि कॉपर असेल तर टेस्ट किट हातात असल्याशिवाय नाही.

रात्री गायब होतोय ते झोपायला. रॅस दिवसाचा मासा, अंधार पडायच्या आधीच आपली फट गाठतो आणि तिच्यात कधी कधी चक्क कुशीवर पडून झोपतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला मेलाच असं वाटतंय. खानापूरच्या एका काकूंनी रात्री टॉर्च मारून असा झोपलेला मासा काठीनं ढकलला, तो दचकून उडाला तो थेट टँकच्या बाहेर. तेव्हा रात्री शोधू नका. लाईट एकदम बंद करू नका, आधी खोलीतली बारीक लाईट लावून ठेवा मग टँकची घालवा, अर्ध्या तासानं खोलीतली. सकाळी लवकर उठून खुर्ची घेऊन बसा एकदा. माझ्याकडचा सव्वासहाच्या सुमाराला बाहेर यायचा, आधी नुसतं तोंड फटीतनं, डोळे वेगवेगळे फिरवतोय, एक वर एक माझ्याकडं, मग अर्धं अंग, तेव्हा रंग मळकट असायचा, आणि दोन फेऱ्या मारेपर्यंत निळा चढलेला. बघण्यासारखं असतंय ते.

श्रिंपचं वाईट वाटतंय पण तो ह्यानंच खाल्ला. मून रॅसचं खाणंच ते, बारीक खेकडे, कोळंब्या, शंख, दुसऱ्यांची अंडी. पुढं आलेले सुळे पकडायला आणि घशात दुसरा जबडा, कवच फोडायला. त्याची चूक नाही, ज्यानं तुम्हाला दोन्ही एका टँकसाठी दिले त्यानं सांगायला पाहिजे होतं. श्रिंप, बारीक खेकडे, शंखातले खेकडे, ह्यावर पुन्हा पैसे घालू नका. उलट ह्याला दिवसातून दोनदा थोडं थोडं खायला द्या, भुकेला रॅस जास्त त्रास देतो. मार्केटला कारवार-गोव्याकडून माल येतो त्यातली कोळंबी, माकुल, तिसऱ्यांचं मांस, कच्चं, मीठ-हळद न लावलेलं, आरओ पाण्यात धुवून बारीक चिरून फ्रीजरला, आणि रोज एकच न देता आलटून-पालटून. चिकन नको, ट्यूबिफेक्स किडे नकोत.

आता मुख्य मुद्दा, ज्यावर तुम्ही प्रश्न विचारलाच नाही. टँक लहान आहे. तीन फुटी म्हणजे कागदावर १९० लिटर, दगड-वाळू धरून पाणी दीडशेच्या आसपास. हा मासा २५ सेंटिमीटरचा, म्हणजे दहा इंचाचा सहज होतो, आणि नेत्राणीला तो कसा फिरत होता ते वर लिहिलंय. क्लाउनच्या मागं लागतोय ते रागानं नाही, त्याला राखायला एक दगड पाहिजे आणि तुमच्या टँकमध्ये दगडांचा एकच ढीग आहे, त्यावर क्लाउन बसलाय. कमीत कमी सहा फूट लागतंय, ७२ x २४ x २४ इंच, साधारण ६८० लिटर. घेणार असाल तर वजनाचा हिशोब आधी. नुसतं पाणीच ६८० किलो, काच-दगड-स्टँड धरून टनाकडं जातंय. निपाणीत जुनी घरं आहेत, लाकडी माडीवर असा टँक चुकूनही नको, खालच्या मजल्यावर, भिंतीला लागून, फरशीखाली पोकळी नाही ना ते बघून. आणि झाकण. वरून बारीक जाळी, कोपऱ्यातली पाइपची फट सुद्धा बंद. मून रॅस उडी मारणारा मासा आहे, आणि नर झाल्यावर तर जास्तच.

तोपर्यंत आहे त्या टँकमध्ये दगडांची मांडणी बदला, एका ढिगाऐवजी दोन ढीग करा दोन टोकांना, म्हणजे क्लाउनला एक टोक मिळेल. दोन-तीन आठवडे त्यानं चालतंय, कायमचा उपाय नाही तो.

पाण्याचं थोडक्यात. नळाचं पाणी, मग ते आमच्या राकसकोपचं असो की तुमच्याकडचं, क्लोरीन असतंय त्यात, बोअरचं तर जड असतंय, त्यामुळं आरओच घ्या. मीठ समुद्री टँकचंच, लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास, बादलीत पंपानं रात्रभर फिरवून मग टाकायचं. चिकोडीत एकानं स्वयंपाकाच्या मिठावर टँक चालू केला होता, एक आठवडासुद्धा टिकला नाही. क्षारता मोजायच्या यंत्रावर (हायड्रोमीटर) १.०२५ धरा. उन्हाळ्यात आपल्याकडं हवा कोरडी, पाणी भराभर उडतं पण मीठ उडत नाही, म्हणून काचेवर मार्करनं रेघ मारा आणि रोज रेघेपर्यंत साधं आरओ घाला, खारं नाही. ही चूक मी सगळ्यात जास्त घरांत बघतोय, लोक खाऱ्या पाण्यानं भरतात आणि दोन महिन्यांत क्षारता कुठल्या कुठं गेलेली असते. डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठा चांगलाच असतोय, हीटर २५-२६ अंशावर ठेवा. लाईट जाण्याचा भरवसा नाही, तेव्हा बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात पाहिजेच.

मादी आणायचं म्हणताय ते नको. तीन फुटांत नर तिला मारेल, आणि ही अंडी पाण्यात सोडून देणारी जात आहे, अंडी प्रवाहाबरोबर लांब जातात, पिल्लं आठवडेच्या आठवडे उघड्या समुद्रात तरंगत वाढतात, ते घरात जमणारं नाही. क्लाउनचं प्रजनन आपल्याकडं कोचीच्या सीएमएफआरआय ह्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं यशस्वी केलंय, त्यामुळं क्लाउन हॅचरीतला मिळू शकतो, पण दुकानात येणारे मून रॅस समुद्रातून पकडलेलेच असतात. म्हणूनच ह्या एकाला नीट जगवा असं मी म्हणतोय.

आणि मोठा टँक जमत नसेल तर ज्याच्याकडं सहा फुटी आहे त्याला देऊन टाका, मी शोधून देतो, पैसे लागत नाहीत. गाडीत घालून कारवारला किंवा मालवणला समुद्रात सोडून येऊ नका, मासा तिथलाच असला तरी. टँकमधले जंतू बरोबर जातात, दुकानात तो कुठकुठल्या माशांच्या पाण्यातून आलाय ते ना तुम्हाला माहिती ना मला. तिकडून येताना किनाऱ्यावरचे प्रवाळाचे तुकडे डेकोरेशनला उचलून आणू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली प्रवाळांना संरक्षण आहे.

आता एवढंच करा. पुढचे सात दिवस औषध बंद, सकाळी एकदा कल्ले मोजायचे आणि लिहायचे. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट तिन्ही तपासा, पहिले दोन शून्य पाहिजेत. खिडकीच्या उजेडात बाजूनं एक फोटो आणि शेपटीचा मागून एक फोटो काढा, कोर कितपत उमटलीय ते मला बघायचंय. आठव्या दिवशी हे सगळं इथंच टाका, मग क्लाउनचं काय करायचं ते ठरवू.